बुधवारी मेंढरं जायची आहेत

कळंब,
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आत्याबाईंच्या चरणी सुकन्येचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? म्हाळसाच्या घराला जिना आहे, त्याची काळजी वाटते. लखनच्या दुधाच्या गाडीतून या पत्रासोबत तिळगूळ पाठवला आहे. पाक जरा पुढं गेला, त्यामुळं लाडू दगड झालेत. दातानं फोडायला जाऊ नका, दोनच दाढा उरल्यात तुमच्या.

म्हाळसा, हे पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून थोरली जाऊ या नात्यानं आधी तुला सांगते. दीपक भावजी घरात असतील तर कागद घडी करून ठेव. ते एमआयडीसीत कामावर गेले की आत्याबाईंना घेऊन बस आणि मग वाच. भावजी स्वभावानं सोनं आहेत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. ते लगेच ह्यांना फोन लावतील आणि जे मला अजून तोंडानं सांगता आलेलं नाही ते ह्यांना दुसऱ्याकडून कळेल. मधे कुठं थांबावंसं वाटलं तरी थांबू नकोस.

फोनवर का सांगत नाही, असं तुम्ही म्हणाल. आत्याबाई, फोनवर तुम्ही विचारता, 'बरी हायस न्हवं?' मी 'व्हय' म्हणते. मग तुम्ही म्हणता, 'ठिव मग.' दिवाळीपासून आपलं एवढंच बोलणं झालं आहे. शिवाय तुमच्या फोनचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. आणि खरं सांगायचं तर बोलायला गेलं की मी 'व्हय'च्या पुढं जात नाही. लिहिताना तसं होत नाही.

घरच्या बातम्या पुष्कळ आहेत. तुमच्या चिरंजीवांनी कपडे धुवायचं मशीन आणलं. स्वयंपाकाला बाई लावली आहे. ती वांगं असो नाहीतर मेथी, सगळ्यात मूठभर कूट घालते. मला धारेचा त्रास नको म्हणून म्हैस विकली. अंगण झाडायचं माझ्याकडून काढून घेतलं, कारण वाकल्यावर मला चक्कर येते असं कुणीतरी ह्यांच्या कानात सांगितलं. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, हे पहाटेच कामावर जातात, तरी जाताना माझ्या उशाशी थर्मासमध्ये चहा ठेवून जातात. इतकं कौतुक लग्नात पण झालं नव्हतं माझं. बायका म्हणतात, नशीब काढलंस. एकीनं पोवळं घालायला सांगितलंय. समोरच्या वहिनी रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवतात आणि खाली लिहितात, आनंदी राहा. मी पण त्यांना फूल पाठवते. न पाठवलं तर त्या घरी येतात.

आणि बुधवारी मेंढरं जायची आहेत.

हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. इंदापूरच्या एका व्यापाऱ्याशी ह्यांचं बोलणं झालंय. तो बुधवारी सकाळी टेम्पो घेऊन येणार आणि मामंजींच्या कळपातली जी काय दहा-बारा उरली आहेत ती सगळी भरून नेणार. तुम्हाला न विचारता हे ठरलं, याचं तुम्हाला किती लागेल ते मला कळतं. पण ह्यांच्या मनात वाईट काही नाही. मेंढरांमुळंच मी परत आजारी पडले, असं त्यांना मनापासून वाटतं. वाईट हेतू असता तर निदान मला भांडता आलं असतं.

म्हाळसाला यातलं निम्मंच माहीत आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहिते. गेल्या उन्हाळ्यात मला हे सुरू झालं. घडलं काहीच नव्हतं. घर बांधून झालं होतं, पोरं बारामतीच्या वसतिगृहात रमली होती, ऊस चांगला उभा होता. तरी सकाळी डोळे उघडले की नको वाटायचं. काय नको, ते सांगता यायचं नाही. भाजीत मीठ पडलंय की नाही हे चाखून कळेना. लोक विचारायचे, अगं पण कारण काय, आणि मला कारण नसल्याची लाज वाटायची. ह्यांनी बारामतीला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे नैराश्य आहे, हा आजार आहे, गोळ्यांनी आणि सवयींनी उतरतो, पण वेळ घेतो. गोळ्या दिल्या. वाटो न वाटो, रोज ठरल्या वेळी उठायचं, उन्हात जायचं, चालायचं, एखादं काम अंगावर ठेवायचं, एका तरी माणसाशी खरं बोलायचं, असंही सांगितलं. मन झालं की उठेन म्हणाल तर मन होणार नाही, आधी उठा, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

मला उठवलं ते तुम्ही. तुम्ही दारात येऊन म्हणालात, 'पायात चपला घाल. बाकी काय करू नगंस.' मी घातल्या, कारण न घालण्यापेक्षा ते सोपं होतं. मग म्हणालात, 'आता दारापतोर ये.' दारात आल्यावर हातात काठी दिलीत आणि पुढं निघून गेलात. मी रडत रडत तुमच्या मागं चालले. तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत. त्या वेळी तुमचा भयंकर राग आला होता.

मग ती काळ्या तोंडाची मेंढी आजारी पडून खाली बसली. आठवते ना? तुम्ही तिच्या पोटाखालून गोणपाट घातलंत, एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या, आणि आपण तिला उचलून पायांवर धरली. ती पाय मोडून बसायची, आपण परत उचलायचो. मी म्हणाले, राहू द्या की आत्याबाई, दमलीय ती. तुम्ही म्हणालात, 'बसलेलं मेंढरू बसू दिलं तर त्ये उठत न्हाय. पाय इसरत्यात त्येचं. हितं दया करून भागत न्हाय.' तुम्ही माझ्याशी काय चालवलं आहे ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून राग गेला.

मेंढरांचं एक बरं आहे. त्यांना माझं 'थोड्या वेळानं' समजत नाही. उजाडलं की ती ओरडायला लागतात, आणि विचार सुरू व्हायच्या आत मी त्यांच्या जाळीपाशी पोचलेली असते. माझ्या स्वतःच्याही काही युक्त्या आहेत. चपला पलंगाखाली ठेवत नाही, उंबऱ्याबाहेर ठेवते, म्हणजे त्यांच्यासाठी तरी बाहेर जावं लागतं. केस घरात विंचरत नाही, बांधावर विंचरते. ह्यांचा थर्मास मी उघडतच नाही. अंथरुणात चहा प्यायला की माझा दिवस अंथरुणातच संपतो. मेंढरं हिंडवून आल्यावर तो चहा मी गुपचूप ओतून देते आणि नवा करते. म्हाळसा, एवढंसुद्धा भावजींना सांगू नकोस, ह्यांना कळलं तर वाईट वाटेल.

भाऊबीजेला दादा आला ते सगळ्यांना माहीत आहे. आबासाहेब दादा नरसिंहपूरहून ओवाळणीचं ताट-पाट मांडलेलं असेल असं धरून आला आणि त्यानं पाहिलं ते असं: बहीण वाळून काटकी झालेली, बांधावर बसून रडतेय, आणि सासू काठी आपटून 'ऊठ, ऊठ' म्हणून ओरडतेय. तो चारचौघांत तुम्हाला म्हणाला, 'आजारी पोरीला मेंढरामागं लावता व्हय? आमी पोरगी सायबाच्या घरात दिली हुती, मेंढक्याच्या न्हाय.' दादाचा आजा जन्मभर मेंढरांमागं हिंडला, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. ह्यांनी मान खाली घातली. तुम्ही पिशवी भरलीत आणि लखनच्या गाडीत बसलात. मी तोंड उघडलं होतं, आत्याबाई. आवाजच निघाला नाही.

तुम्ही गेल्यापासून मेंढरं मीच सोडते. हे नको नको म्हणतात, मी ऐकत नाही, म्हणून त्यांनी व्यापारी गाठला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. म्हाळसा, वाच.

किंक्रांतीच्या दिवशी दुपारी मी घरातून निघाले आणि कॅनॉलवर गेले. घरी परत यायचं नाही, असं मनात होतं. तिथं उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. उसाचा ट्रॅक्टर घेऊन कुणीतरी चालला होता, त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्यानं ओरडून विचारलं, 'वैनी, कुठं निघालाय?' माझ्या तोंडातून गेलं, 'दळणाला.' तो म्हणाला, 'बसा मग, गिरणीवर सोडतो.' मी बसले. गिरणीत जाऊन नंबरला उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, 'डबा कुठाय?' माझ्या हातात काहीच नव्हतं. मी म्हणाले, विसरले. त्या हसल्या, मग मी पण हसले.

तेव्हापासून दुपारी मी घरात एकटी थांबत नाही. दळण घेऊन गिरणीत जाऊन बसते. त्या आवाजात डोक्यातलं काही ऐकू येत नाही आणि माणसं येत-जात असतात. तीन दिवसांतच घरात इतकं पीठ साठलंय की स्वयंपाकाच्या बाई विचारतात, लग्न काढलंय का.

अजून एक राहिलं. नवरात्रात मी खरंच बरी होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'हिंडती-फिरती झालीस, आता गोळ्या कशाला? डोकं सुन्न करत्यात.' मी गोळ्या बंद केल्या. ह्यांना सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. दिवाळीपर्यंत मी परत खाली बसले. दादानं जी बहीण पाहिली ती मेंढरांमुळं तशी झाली नव्हती. पण हे कुणाला सांगू? सांगितलं तर तुमच्यावर आणखी एक बोल येणार, आणि हा खरा असणार. न सांगितलं तर मेंढरं जाणार. खोट्या बोलानं तुम्ही घर सोडलंत. हा खरा बोल मीच तुमच्यापर्यंत आणते आहे. रागवा, पण पत्र फाडू नका.

माझं मागणं एवढंच आहे. बुधवारच्या आत तुम्ही ह्यांना फोन करा आणि म्हणा, मेंढरं माझी आहेत, विकायची नाहीत. बाकी काही बोलू नका. कॅनॉलचं तर अजिबात नको. कळलं तर हे मला नरसिंहपूरला नेऊन ठेवतील, नाहीतर खोलीत बसवून समोर खुर्ची टाकून बसतील. मेंढरं गेली तर सकाळी मी कशासाठी उठायचं, हे मला माहीत नाही. त्याची मला भीती वाटते.

लखन उद्या संध्याकाळी परत येतो. त्याच्याकडं उत्तर द्या.

तुमच्या आवाजाची वाट बघणारी,
सुकन्या


बारामती,
सोमवार, १९ जानेवारी

अक्का, मी वाचलं आणि मधे थांबले नाही. आता आत्याबाई सांगतात तसंच्या तसं लिहिते. मला एक शब्द बदलू देत नाहीत. म्हाळसा.

सुकन्या, तुला माजा आशीर्वाद.

म्हाळसानं पत्र वाचलं. दोन डाव वाचाय लावलं. आता नीट आयक.

गोळ्या म्या बंद केल्या. त्यो बोल माजाच हाय, त्यो माज्या नावावर ऱ्हाऊ दे. तुज्या मामंजीला दवाखान्यात निजायची सुई दिली हुती. त्यो निजला त्यो उठलाच न्हाय. तवापासनं निजवणारं औषिद म्हणलं की मला भ्या वाटतं. तुला पेंगताना बघितलं आन् मला त्येच दिसाय लागलं. डाक्टरणीला इचारायला पायजे हुतं. न्हाय इचारलं. मेंढराचं मला कळतं, माणसाच्या डोक्याचं न्हाय कळत. आजच्या आज तिला फोन लाव. जुन्या उरल्याल्या गोळ्या आपल्या मनानं घिऊ नगंस, ती सांगंल तशा घे.

शंभूला म्या फोन करणार न्हाय. मेंढरं माजी हायती, व्हय. पर म्या अडवलं तर त्यो म्हणंल, म्हातारीनं आपला हेका चालवला. आन् तुजं दुखणं झाकल्यालं ऱ्हाईल. कॅनॉलचं मला सांगितलंस, लई चांगलं केलंस. पर ह्ये म्या पोटात ठिवणार न्हाय. असलं पोटात ठिवायचं नसतंय. उद्या मंगळवारी सांजच्याला शंभू आला की तू सांग. तुज्या तोंडानं सांग. उद्या त्येचा मला फोन आला न्हाय तर परवा सकाळी म्या लखनच्या गाडीत बसते आन् तितं येऊन सगळ्यांम्होरं सांगते. मग तू मला काय म्हणायचं त्ये म्हण. जन्मभर बोलली न्हाईस तरी चालंल. तू असशील म्हंजी झालं.

आवाज न्हाय निघाला तर त्येच्या म्होरं बसून ऱ्हा. त्येला उठू दिऊ नगं. आन् सांगंपतोर एकली ऱ्हाऊ नगं. गिरणीत बस. न्हायतर ती फूल पाठिवणारी हाय, तिला घरात घिऊन बस. बोलंल ती दिसभर, बोलू दे.

तुज्या भावाचा मला राग हाय. त्यो माजा मी बघीन.

अक्का, आत्याबाई आता आत गेल्यात, म्हणून माझं थोडं लिहिते. 'दळणाला' हे वाचलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मला कधीही फोन करा, कुठल्याही वेळी, मी उचलणार. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मी आत्ताच फोन केला. बुधवारी सकाळचीच वेळ मिळाली. त्या दिवशी टेम्पो येणार आहे ते मला माहीत आहे, तरी मी वेळ घेऊन ठेवली. फोनवरच्या बाईंनी सांगितलंय की त्याआधी जड वाटलं तर थांबायचं नाही, सरळ निघून यायचं. नंबर मागच्या बाजूला आहे.


कळंब,
गुरुवार, २२ जानेवारी

तीर्थरूप आत्याबाईंना सुकन्येचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला तुमचा इतका राग आला की मी ते चुलीत घालायला निघाले होते. मी तुमच्याकडं लपायला आले होते आणि तुम्ही मला उजेडात उभं केलंत. मग परत वाचलं. मंगळवारी दुपारी समोरच्या वहिनींना घरी बोलावलं. त्या त्यांच्या गुडघ्यांविषयी, सुनेविषयी आणि सुनेच्या आईविषयी दिवे लागेपर्यंत बोलल्या. मला त्यातलं काही आठवत नाही, पण त्या होत्या.

हे आले ते नवी दावी घेऊन आले. बुधवारी मेंढरं बांधायला. ती ओसरीवर टाकली आणि विचारलं, चहा घेतलास का. वहिनी उठून गेल्या. मी ह्यांच्या समोर बसले. आवाज येईना. हे म्हणाले, डोकं दुखतंय का, बाम आणू का, आणि उठायला लागले. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून म्हणाले, मी रोज गिरणीत का जाते माहीत आहे का तुम्हाला?

ते म्हणाले, तिथं तुला बरं वाटतं म्हणून.

मी सांगितलं. कॅनॉल, ट्रॅक्टर, सगळं. ते उठले, घरातल्या सगळ्या खिडक्या लावून आले. मग मोरीत जाऊन एकच कप धूत राहिले. मी म्हणाले, बसा ना. ते बसले आणि रागावले. मला वाटलं नव्हतं ते रागावतील. म्हणाले, 'तुझ्या अंगावरचं एकेक काम मी काढून घेतलं. तू मोकळी व्हावीस म्हणून. अजून काय करायला हवं होतं मी?' मी म्हणाले, मोकळी झाले की मी पडते, मला कामं परत द्या. आणि मेंढरं विकू नका.

मग गोळ्यांचं सांगितलं. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघवेना. 'आईनं सांगितलं?' असं त्यांनी तीनदा विचारलं. फोन उचलला. मी त्यांच्या हातातला फोन घट्ट धरला आणि म्हणाले, त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि तुम्ही घाबरता म्हणून दोघींनी तुमच्यापासून लपवलं, त्यात तिघांचा वाटा आहे. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मागच्या दारी जाऊन तुम्हाला फोन लावला.

तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. मला ह्यांचं 'व्हय' तेवढं ऐकू येत होतं. व्हय, व्हय, व्हय आई. साहेब झाल्यापासून ह्यांनी या घरात कधी 'व्हय' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. परत आले तेव्हा डोळे लाल होते. ती दावी उचलून माळ्यावर टाकली.

बुधवारी आम्ही दवाखान्यात निघालो आणि फाटकातच टेम्पो आला. व्यापारी ऐकायला तयार नव्हता. 'शब्द दिला हुता सायेब तुमी,' म्हणून त्यानं आवाज चढवला, तशी रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मला वाटलं, हे आता काहीतरी सबब सांगतील. आईची परवानगी नाही म्हणतील, भाव पटला नाही म्हणतील. हे म्हणाले, 'माझ्या बायकोला नैराश्याचा आजार आहे. तिला ती मेंढरं लागतात. मी देणार नाही.' असं सगळ्यांसमोर, नाव घेऊन. व्यापारी म्हणाला, 'मेंढरं काय औषिद हायती व्हय?' दोघं-तिघं हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, 'औषध वेगळं आहे, ते आणायलाच चाललोय. तुम्ही टेम्पो जरा मागं घ्या.' शेवटी कळपातला तो लंगडा एडका त्याला देऊन वाटेला लावला. तुम्हाला न विचारता दिला, त्याचं काय बोलायचं ते समोर बोला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना चांगलंच सुनावलं. गोळ्या परत सुरू केल्या, पहिल्यापेक्षा कमी, हळूहळू वाढवणार आहेत. दर आठवड्याला बोलावलंय. ह्यांना म्हणाल्या, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि कामं तिच्या ताब्यात द्या, तुम्ही उलटं केलंत. गुण यायला काही आठवडे लागतील आणि तोवर मला दुपारी एकटं सोडायचं नाही, असं सांगितलं. तेव्हा मी बरी झाले असं समजू नका. आज सकाळी पण नकोच वाटत होतं. चपला घातल्या, एवढंच.

परतताना गाडी तुमच्या गल्लीवरून आली. ह्यांनी विचारलं, थांबू का. मीच नको म्हणाले. तुम्हाला आणायला दादानं यावं असं मला वाटतं. त्याला मी फोन केला आणि सगळं सांगितलं, गोळ्यांचं सुद्धा. तो मग म्हणाला, रविवारी बारामतीला जातो. त्याला माफी मागता येत नाही, आमच्या घरात कुणालाच येत नाही. तो केळीचा एक मोठा घड घेऊन येईल आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहील. फार वेळ बसवू नका त्याला. राग घेऊनच या वाटल्यास, राग ठेवायला घर मोठं आहे. म्हाळसा, तू त्यांची पिशवी शनिवारीच भरून ठेव.

खालची जागा ह्यांनी मागून घेतली आहे. काय लिहितात ते मी बघणार नाही.

तुमची,
सुकन्या


आई,

तू मला मेंढरांमागं कधी जाऊ दिलं नाहीस. माझ्या पोराच्या हातात काठी नको म्हणायचीस, आणि स्वतः काठी घेऊन मला शाळेपर्यंत सोडायचीस. काठी म्हणजे लाज, एवढंच मी त्यातून शिकलो. चूक तुझी नाही, मी तसं शिकलो.

आज सकाळी रजा टाकली आणि मेंढरं सोडायला मी गेलो. जाळी उचलली, तुझ्यासारखी हाळी दिली. एकही हललं नाही. पुढं होऊन पाहिलं, मागं होऊन पाहिलं. शेवटी एकीला कानाला धरून ओढायला गेलो तर सगळी उलटी फिरून उसात शिरली आणि मी पाटाच्या चिखलात आडवा झालो. सुकन्या बांधावर उभी होती. ती हसली. मोठ्यानं हसली, आई. तो आवाज मी विसरून गेलो होतो. मला लगेच उठवेना. तिला वाटलं, मला लागलं. मी तोंड खाली घालून रडत होतो.

रविवारी ये. मला हाळी द्यायला शिकव. ज्या सकाळी तिला उठवणार नाही, त्या सकाळी मेंढरं माझ्या हाकेनं निघाली पाहिजेत.

शंभू